पत्रा आधी पाहा, इंजिन नंतर : जुन्या मोटारींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे डिसेंबर २०११ मध्ये नोंदवलेली ११०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती आजवर १ लाख १२ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या महिन्यात कऱ्हाडला जाताना कुंभार्ली घाटात इंजिन तापले, बॉनेटखालून वाफ येऊ लागली आणि गाडी बंद पडली. हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या सांध्यातील पॅकिंग) गेली असून हेड उतरवून फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करावे लागेल, व्हॉल्व्हचे कामही निघेल आणि एकूण खर्च ४२ हजारांपर्यंत जाईल, असे आमचे मेकॅनिक सांगतात. ओळखीचा भंगारवाला २२ हजार रुपये रोख द्यायला तयार आहे. गेल्याच वर्षी मी क्लच आणि सस्पेन्शनवर २८ हजार खर्च केले. गाडी आता काढली तर ते पैसे पाण्यात गेल्यासारखे होईल. जुलै २०२१ च्या महापुरात गाडीत सीटपर्यंत पाणी शिरले होते, परंतु तेव्हा सर्व साफ करून घेतले आणि त्यानंतर तसा त्रास झाला नाही. आमचा वापर महिन्याला पाचशे-सहाशे किलोमीटरचा, बहुतेक गावातलाच आहे. घरातील इतरांचे मत गाडी काढून टाकावी असे आहे. काय करावे? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या पत्रात गॅस्केट, फेसिंग आणि ४२ हजार यांविषयी सविस्तर लिहिले आहे, महापुराविषयी मात्र एकच वाक्य आहे. माझ्या मते निर्णय त्या एका वाक्यावर अवलंबून आहे. गाडी बंद पडली की आपण सर्वजण इंजिनाकडे धावतो, कारण बंद ते पडलेले असते. वास्तविक, या वयाच्या लहान पेट्रोल गाडीचे इंजिन हा तिचा सर्वांत सहज दुरुस्त होणारा भाग असतो. हेड, पिस्टन रिंगा, बेअरिंगे हे सर्व बाजारात मिळते आणि ते बसवणारी माणसे प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. गाडीचा पत्रा आतून सडला असेल, तर मात्र नवे इंजिन बसवूनही उपयोग नाही. आजच्या लहान मोटारींना जीपसारखी वेगळी चेसिस नसते. पत्र्याची संपूर्ण पेटी हाच त्यांचा सांगाडा असतो आणि सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट सर्व काही त्या पत्र्यालाच धरून असते.

म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. दारांखालच्या लांब पोकळ पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे वरचे टोक जेथे पत्र्याला बोल्टने बसते तो भाग, मागच्या ॲक्सलच्या पकडीच्या जागा आणि स्टेपनीखालचा खळगा, इतक्या ठिकाणी जाड स्क्रू-ड्रायव्हरचे टोक जोर देऊन टोचून पाहावे. पत्रा कणखर वाजला तर ठीक. टोक आत गेले किंवा खपल्या सुटल्या, तर तेथे पत्रा उरलेला नाही, रंगच उरला आहे. महापुराचे पाणी स्वच्छ नसते. त्यातील गाळ पोकळ पट्ट्यांमध्ये शिरतो, पुढे प्रत्येक पावसाळ्यात ओलावा धरून ठेवतो आणि गंज आतून बाहेर येतो. वरून फोड दिसेपर्यंत काम झालेले असते. पुढच्या सीटा काढून कार्पेट पूर्ण उचलायला सांगा. कार्पेटखालच्या फोममध्ये अजून माती सापडली, तर २०२१ मध्ये झालेली सफाई फक्त डोळ्यांना दिसेल एवढीच होती असे समजावे. त्याच कार्पेटखालून वायरिंगचे जुडगे जाते. त्याचे एक-दोन कनेक्टर सोडवून पाहा. आतील पिना हिरव्या पडल्या असतील, तर आज नाही तरी उद्या कधी सेन्सर, कधी पंप, कधी दिवे असे आजार सुरू होतील. असे आजार शोधण्याची मजुरी सुट्या भागांच्या किमतीपेक्षा जास्त होते, हा गॅरेजवाल्यांचाही अनुभव आहे.

तपासणीत केवळ एखाद्या ठिकाणी, उदाहरणार्थ स्टेपनीच्या खळग्यात, गंज निघाला तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो आणि त्यात धोका नाही. परंतु शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या जागी किंवा दारांखालच्या पट्ट्यांत दोन्ही बाजूंनी पत्रा गेला असेल, तर ‘लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो’ असे कोणीही सांगितले तरी ऐकू नये. ती दुरुस्ती नव्हे, झाकपाक आहे. तसे निघाल्यास माझे उत्तर स्पष्ट आहे : इंजिनावर एक रुपयाही खर्च न करता गाडी काढावी. सांगाडाच कमकुवत झालेली गाडी घाटातून नेणे हा पैशांचा प्रश्न राहत नाही.

पत्रा शाबूत निघाला, असे गृहीत धरून पुढे जाऊ. दुसरी पाहणी कागदपत्रांची. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे तुमची मुदत येत्या डिसेंबरात संपते. पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचे तर आरटीओत गाडी नेऊन तपासणी करून घ्यावी लागते आणि मोटारीसाठी ५,००० रुपये शुल्क भरावे लागते. एप्रिल २०२२ पूर्वी हे शुल्क ६०० रुपये होते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये झाले आहे. अर्ज मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांच्या आत करता येतो आणि उशीर झाल्यास मोटारीला दरमहा ५०० रुपये दंड लागतो. याखेरीज पर्यावरण कर आहे, तो पेट्रोल मोटारीला पाच वर्षांसाठी ३,००० रुपये असतो. उच्च सुरक्षा नंबरप्लेट अजून लावली नसेल तर तिचे ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी. थोडक्यात, बंद पडलेली गाडी आज दुरुस्त केली तरी काही महिन्यांत तिला आरटीओसमोर उभे राहायचे आहे. म्हणून दुरुस्तीत ब्रेक, दिवे, टायर आणि धुराची पातळी यांचाही हिशेब आताच धरावा.

आता इंजिन. मेकॅनिकचा अंदाज बरोबर असू शकतो, परंतु ४२ हजारांचा आकडा हेड उतरवण्यापूर्वी दिलेला आहे, हे लक्षात ठेवा. प्रथम कॉम्प्रेशन चाचणी, म्हणजे सिलिंडरमधील दाबाची मोजणी, करून घ्या. ती तासाभराचे काम आहे. चारही सिलिंडरचे दाब जवळजवळ सारखे यायला हवेत. शेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकदम कमी आला, तर त्या दोहोंमधली गॅस्केट उडाली आहे असा अर्थ होतो आणि ते काम मर्यादित असते. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला, तर स्पार्क प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावा. ऑइलनंतर दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतील भिंत) झिजले आहेत. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोष रिंगांचा निघाला तर केवळ हेडचे काम करून भागत नाही, पूर्ण इंजिन उतरवावे लागते आणि ४२ चे ७० हजार होतात. डिपस्टिकवरचे किंवा ऑइलच्या टोपीखालचे ऑइल दुधाळ झाले आहे का, हेही पाहावे. तसे असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) ऑइलमध्ये मिसळले आहे. गाडी त्या अवस्थेत किती वेळ चालवली गेली यावर बेअरिंगांचे भवितव्य ठरते.

हेड उतरवल्यावर ते लेथवाल्याकडे जाईल तेव्हा तुम्ही स्वतः हजर राहावे, असा माझा आग्रह आहे. ॲल्युमिनियमचे हेड तापल्याने वाकते. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून ते किती वाकले हे मोजता येते आणि फेसिंग करून सपाट करता येते, पण त्यालाही मर्यादा असते. हेडला तडा असेल तर फेसिंगचा उपयोग नाही. मेकॅनिकशी आधीच ठरवून घ्या की इंजिन खोलायची मजुरी तुम्ही वेगळी द्याल आणि आतील स्थिती पाहून काम पुढे न्यायचे की थांबवायचे हे ठरवाल. चांगला मेकॅनिक याला हरकत घेत नाही.

गॅस्केट हा परिणाम आहे, कारण नव्हे, ही गोष्ट अनेक दुरुस्त्यांमध्ये राहून जाते. इंजिन का तापले? रेडिएटर चोंदला होता, पंखा वेळेवर सुरू होत नव्हता, पाण्याचा पंप गळत होता, की कोणी पूर्वी थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकला होता? आपल्याकडे गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची वाईट सवय आहे. त्याने इंजिन तापायचे थांबत नाही, उलट थंड इंजिन नेहमी जास्त पेट्रोल पिते. कूलंटच्या जागी नळाचे पाणी भरले जात असेल तर रेडिएटरमध्ये गंज आणि क्षार साचलेले असतील. कारण न शोधता नवी गॅस्केट टाकली, तर पुढच्या घाटात तीच वाफ पुन्हा दिसेल. रेडिएटर उघडलाच आहे तर इंधनाचे रबरी पाइपही तपासावेत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २०११ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. जुने रबर कडक होऊन चिरा पडले असतील तर ते बदलणे स्वस्तातले काम आहे.

आता पैशांचा हिशेब. दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची विक्रीची किंमत यांची तुलना करण्याची पद्धत रूढ आहे, पण ती मला पटत नाही. १५ वर्षांच्या गाडीला बाजारात किंमत नसतेच, त्यामुळे ती तुलना नेहमी ‘भंगारात द्या’ असेच सांगते. खरा प्रश्न असा, की या खर्चातून भरवशाचे किती महिने विकत मिळतात आणि तेवढ्याच महिन्यांसाठी दुसरी गाडी ठेवण्याला किती पडेल. हेडचे ४२ हजार, रेडिएटर आणि पंख्याचे ६ हजार, टायर बदलायचे असल्यास १४ हजार, नूतनीकरण, पर्यावरण कर आणि नंबरप्लेट मिळून ९ हजार, असे सुमारे ७१ हजार होतात. पत्रा शाबूत असेल आणि गाडी तीन वर्षे चालेल असे धरले, तर महिन्याला दोन हजारांहून कमी पडतात. साडेतीन लाखांची वापरलेली गाडी घेतली आणि तिची किंमत वर्षाला ३५-४० हजारांनी उतरली, तर केवळ ती घटच महिन्याला तीन हजारांच्या घरात जाते; अडकलेल्या भांडवलाचे व्याज आणि जास्तीचा विमा वेगळाच. म्हणजे पत्रा चांगला असेल तर दुरुस्ती स्वस्त पडते. मात्र पत्र्यामुळे किंवा वायरिंगमुळे गाडी वर्षभरच टिकणार असेल, तर तेच ७१ हजार महिन्याला सहा हजारांच्या आसपास जातात आणि घरच्यांचे मत बरोबर ठरते.

गेल्या वर्षीच्या २८ हजारांविषयी : ते गाडी ठेवली तरी गेलेले आहेत आणि काढली तरी गेलेले आहेत, म्हणून त्यांच्यासाठी आणखी पैसे घालू नयेत. हिशेबात त्यांची जागा एवढीच, की क्लच आणि सस्पेन्शन नवे असल्यामुळे येत्या तीन वर्षांत तो खर्च पुन्हा येण्याची शक्यता कमी आहे. ही दुरुस्तीच्या बाजूची जमेची गोष्ट आहे आणि ती मी वर धरलेली आहे.

गाडी काढायचीच ठरली, तर त्या २२ हजार रोख रकमेविषयी सावध राहा. भंगारवाला आरसी बुक घेऊन गाडी नेतो, नोंदणी मात्र तुमच्याच नावावर राहते. ती गाडी कापली गेली की कोठे तरी रस्त्यावर आली, हे तुम्हाला कळत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की गाडी विकली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक असून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून गाडी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रातच द्यावी. २०२१ च्या नियमांनुसार ही केंद्रे गाडी ताब्यात घेतल्याचे ठेव प्रमाणपत्र देतात, चोरीच्या गाड्यांच्या नोंदीशी पडताळणी करतात आणि नोंदणी रद्द होण्याची प्रक्रिया पूर्ण करतात. तेथे मिळणारी रक्कम भंगारवाल्याच्या बोलीपेक्षा थोडी कमी असू शकते, कारण भंगारवाला दरवाजे, दिवे, अल्टरनेटर सुटे विकून कमावतो. तुम्ही नवी गाडी घेणार असाल तर ही तूट भरून निघते, कारण ठेव प्रमाणपत्रावर नव्या वाहनाचे नोंदणी शुल्क माफ होते आणि मोटार वाहन करातही सवलत मिळते. केंद्राच्या नियमात खासगी वाहनांसाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत ठेवलेली आहे, तिच्या आत किती द्यायची हे राज्य ठरवते. सहा लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी ६६ हजार रुपये कर पडतो, तेव्हा त्यावरची १० टक्के सवलतही ६,६०० रुपयांची होते. गाडी नोंदवण्यापूर्वी आरटीओत चालू दर विचारून घ्यावा.

प्रश्न : दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांना बंदी आहे आणि पंपावर डिझेलही मिळत नाही, असे वाचले. माझी डिझेल एसयूव्ही २०१३ ची आहे आणि तिला आता टर्बोचे (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) काम निघाले आहे. आपल्याकडेही हा नियम येणार असेल तर खर्च न करता ती विकून टाकावी काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तो नियम दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरता आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांतून तो आला. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना इंधन नाकारण्याची अंमलबजावणी सुरू झाली, परंतु काही दिवसांतच ती थांबवण्यात आली. महाराष्ट्रात खासगी गाडीला वयाची अशी कमाल मर्यादा नाही; १५ वर्षांनंतर तपासणीत उत्तीर्ण झाल्यास नोंदणी वाढवून मिळते. त्यामुळे टर्बोचा निर्णय टर्बोच्या हिशेबाने घ्यावा, दिल्लीच्या बातमीने नाही. मात्र दुरुस्तीपूर्वी टर्बो का गेला ते पाहा. ऑइल वेळेवर न बदलल्याने तो गेला असेल, तर तेच ऑइल इंजिनाच्या इतर भागांतही फिरलेले आहे.

प्रश्न : माझी गाडी २०१४ ची, भारतातील विक्री बंद केलेल्या कंपनीची आहे. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा) तुटून व्हॉल्व्ह वाकले आहेत. कोल्हापुरातील मेकॅनिकने ३२ हजारांचा अंदाज दिला आहे. पत्रा उत्तम स्थितीत आहे. कंपनीच गेली, तेव्हा सुटे भाग मिळणार नाहीत या भीतीने विकावी का? – एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : दुरुस्त करा. बेल्ट तुटण्याने इंजिन झिजलेले नाही, त्याला एकदाच अपघात झाला आहे. व्हॉल्व्ह बदलून, पिस्टनवर खोल वण नाहीत ना हे पाहून ते पूर्ववत होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हेडचे काम करणारे अनुभवी कारागीर तुमच्या दाराशी आहेत. बेल्टबरोबर टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि पाण्याचा पंपही बदलून घ्यावा, कारण मजुरी तीच लागते.

कंपनी गेल्याने इंजिनाचे भाग संपत नाहीत, कारण ते बहुधा स्वतंत्र पुरवठादार बनवतात आणि एकच इंजिन अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असते, फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि फियाट यांच्या गाड्यांत होते, हे सर्वांना माहीत आहे. अडचण येते ती त्या गाडीपुरत्याच असलेल्या भागांची : हेडलाइट, टेललाइट, दाराची काच, आरसे, बंपर. किरकोळ धडकेनंतर हेडलाइटसाठी महिनोन्‌महिने थांबलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. म्हणून ३२ हजारांच्या दुरुस्तीबरोबर हेडलाइटची एक जोडी आणि आरसे, वापरलेले का असेनात, पुण्याच्या नाना पेठेतून किंवा कुर्ल्याच्या बाजारातून पावतीसह मिळवून घरी ठेवावेत.

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर त्यांची गाडी तीन वर्षे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. टायर बसले आहेत, बॅटरी गेली आहे. सोसायटीने ती हलवण्याची नोटीस दिली आहे. गाडी आईच्या किंवा माझ्या नावावर न करताच भंगारात देता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नोंदणीकृत केंद्रात वारसाला गाडी देता येते, त्यासाठी मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा कागद लागतो. इतर वारसांचे संमतिपत्र आधीच तयार ठेवल्यास वाद उरत नाही. केंद्राकडे जाण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा : कर्ज असल्यास ते फिटून बोजा उतरला आहे का, ई-चलने बाकी आहेत का आणि करांची थकबाकी आहे का. बोजा हे सर्वांत वेळखाऊ प्रकरण असते, कारण कर्ज फिटलेले असूनही बँकेचे पत्र आरटीओत पोचवायचे राहून गेलेले असते.

तीन वर्षे उभी असलेली गाडी भंगारात देण्यापूर्वी ती खरोखर भंगार आहे का, हे एकदा पाहून घेतलेले बरे. तिचे वय तुम्ही कळवलेले नाही. नोंदणीची काही वर्षे शिल्लक असतील, तर बॅटरी, टायर, ब्रेकचे ऑइल बदलून आणि टाकीतील शिळे पेट्रोल काढून अशा गाड्या पुष्कळदा सुरू होतात आणि विकल्यास भंगाराच्या कितीतरी पट देतात. मात्र पेट्रोल काढून टाकल्याशिवाय आणि स्पार्क प्लगच्या छिद्रांतून थोडे ऑइल सोडून इंजिन हाताने फिरवल्याशिवाय स्टार्टर मारू नये. विकायची ठरल्यास ती प्रथम वारसाच्या नावावर करून घ्यावी लागेल, त्यासाठी फॉर्म ३१ आहे. सोसायटीला तोपर्यंतची मुदत लेखी मागावी. अर्जाची पोच जोडली की समित्या सहसा थांबतात.